पत्र्याचा डोंगा

गेल्या कार्तिकात आमच्या गावच्या तलावात एक डोंगा बुडाला. माणूस कोणी गेलं नाही. शिंगाड्याचे दोन बोरे आणि आबाजींची एक चप्पल पाण्यात गेली. बोरे पोरांनी बुड्या मारून काढले, चप्पल अजून तलावातच आहे. एवढ्याशा गोष्टीची कोणी दखल घेतली नसती. पण हा डोंगा ज्याच्या हातचा, तो माझा चुलतभाऊ मुंबईच्या एका गोदीत नौदलाच्या जहाजांचं वेल्डिंग करतो. मग काय, महिनाभर माझ्या कृषी केंद्राच्या बाकड्यावर दुसरा विषय नव्हता. युरिया घ्यायला आलेला माणूससुद्धा आधी विचारायचा, "काहून भाऊ, जहाज निघालं का वर?"

गाव तुमसर तालुक्यातलं. भंडारा हा तलावांचा जिल्हा, आणि आमचा तलाव मामा तलाव. बाहेरच्या माणसाला तो कुणाच्या तरी मामाचा वाटतो; मामा म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वीच्या जमीनदारांच्या काळचा. ढिवरांची संस्था तो ठेक्यानं घेते, मासे सोडते, शिंगाडे लावते. समुद्र इथून रेल्वेनं नऊशे किलोमीटरच्या वर. गावातल्या कितीतरी म्हाताऱ्यांनी तो पाहिलेला नाही, आणि त्यांचं त्यावाचून काही अडलेलंही नाही.

पूर्वी शिंगाडे काढायला मोहाच्या खोडाचा डोंगा असायचा. एक अख्खं खोड घ्यायचं, वाकसानं कोरत जायचं. कोरणारा एकच माणूस होता, आबाजींचा मोठा भाऊ. तो गेला. पोरं नागपूरला बांधकामावर. शेवटचा डोंगा त्यानं कोरला त्याला पंधरा वर्षं झाली असतील. मधल्या काळात खोड मिळणं अवघड झालं, ट्रकच्या ट्यूबा आणि थर्माकोलचे तराफे आले, नवा डोंगा कोणी मागितलाच नाही. जुना डोंगा तेवढा चालत राहिला. मागच्या वर्षी तो चिरला, तेव्हा गावाच्या लक्षात आलं की आता हे बनवणारं कोणी उरलं नाही.

धाकटा (आम्ही त्याला घरी असंच म्हणतो) दिवाळीला आला होता. आबाजी माझ्या दुकानात त्याला म्हणाले, "तू त एवढाली जहाजं बनवते म्हणे. आमाले एक डोंगा नाई बनवून देत?" आता यावर नाही कोण म्हणेल?

तुमसरहून अठरा गेजचा पत्रा आणला, ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्याचं वेल्डिंग मशीन भाड्यानं घेतलं, आणि चिंचेखाली काम सुरू झालं. पहिल्याच जोडाला पत्र्याला भोक. दुसऱ्याला दोन भोकं. बारा मिलिमीटरच्या प्लेटीची सवय झालेला हात, त्याला हा पत्रा म्हणजे पापडच. करंट कमी केला तर रॉड चिकटे, वाढवला तर पत्रा जळे. उष्णतेनं पत्रा असा वळला की एका बाजूला पोट आलं. संध्याकाळपर्यंत पोरं गोळा झाली आणि धाकट्याच्या कपाळावर मुंबईत येत नसेल एवढा घाम आला.

रात्री जेवताना मी म्हटलं, "अरे, जहाजाचा पत्रा नाही का वळत?"

"वळते नं दादा. पण त्याले सरळ करणारा माणूस अलग राह्यते. आगीचा पट्टा मारते, पानी टाकते. आपलं काम नोय ते."

"मग तुझं काम काय?"

"थ्रीजी."

मला मोबाइलचं नेटवर्क आठवलं. थ्रीजी म्हणजे उभ्या प्लेटीचा जोड, खालून वर मारत न्यायचा. डोक्यावरचा मारायचा तो फोरजी. धाकटा नऊ वर्षं मुख्यत्वे थ्रीजी मारतो आहे, आणि फार चांगला मारतो; त्याच्या जोडाचा एक्स-रे काढला तरी त्यात सहसा काही सापडत नाही. पण त्याच्या आधी नकाशा काढणारे, प्लेट कापणारे, वाकवणारे, दोन प्लेटी केसाएवढ्या फटीवर जुळवणारे फिटर, टाचे म्हणजे प्लेटी जागेवर धरणारे छोटे जोड मारणारे, आणि त्याच्या नंतर घासणारे, तपासणारे, रंगवणारे. हल्ली जहाज कण्यापासून वर चढवत नेत नाहीत; त्याचे ब्लॉक वेगवेगळ्या शेडमध्ये बनतात, आत पाइप-केबलसुद्धा बऱ्याचशा तिथंच बसतात, आणि मग क्रेननं उचलून एकाला एक जोडतात. धाकट्यानं ज्या विनाशिकेवर तीन वर्षं काम केलं, ती पूर्ण उभी राहिलेली त्यानं पहिल्यांदा टीव्हीवर पाहिली.

मला वाटतं इथंच आपली बहुतेक चर्चा चुकते. देश जहाज बनवू शकतो का, असं आपण विचारतो, जणू ती एखाद्या माणसाला येणारी कला आहे. माझ्या दुकानात रोज असले तज्ज्ञ येतात. पैसा टाका, गोदी बांधा, झालं.

माझे वडील डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणीवर हजेरी बाबू होते. खाणीचा काळा भुका त्यांच्या नखांत कायम असायचा. आई म्हणायची, लग्नाच्या फोटोतही दिसतो. या पट्ट्यात मॅंगनीज काढणं सुरू झालं १८९६ च्या सुमारास, गोऱ्या कंपनीच्या हातून. १९६२ मध्ये त्यातून सरकारी भागीदारीची मॉइल ही खाण कंपनी झाली, तिचं मुख्यालय नागपूरला. तुमसर रोडवरून तिरोडीला जाणारा रेल्वेचा फाटा या खाणींच्या अंगणातून जातो. लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं, या दगडाचं काय करतात? "लोखंडात टाकतात," एवढंच ते म्हणाले, जसं आई भाजीत मीठ टाकते म्हणावं तसं.

खरं तर मिठापेक्षा जास्त आहे ते. लोखंडात गंधक थोडं तरी राहतंच. ते लोखंडाशी जुळलं की त्याचा पातळ थर कणाकणांच्या मधे बसतो, आणि प्लेट तापवून लाटायला घेतली की त्या थरावर ती फाटते. मॅंगनीज त्या गंधकाला आपल्याकडे ओढून घेतं. शिवाय ते पोलादाला चिवटपणा देतं, विशेषतः थंडीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं २,७१० लिबर्टी जहाजं बनवली, त्यातलं एक तर साडेचार दिवसांच्या आसपास उभं केलं. जगानं तोंडात बोट घातलं. पण त्या काळच्या वेल्ड केलेल्या जहाजांना तडे जायला लागले. १९४३ च्या जानेवारीत 'स्केनेक्टडी' नावाचं नवंकोरं तेलवाहू जहाज ओरेगनच्या एका गोदीत, बांधलेल्या जागीच, मोठा आवाज होऊन मधोमध तुटलं. ना वादळ, ना टॉर्पेडो. थंडीत ते पोलाद काचेसारखं ठिसूळ होत होतं. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या बाईंनी त्याचं कारण शोधायला मोठी मदत केली. पुढं पोलादाची कृती बदलली, आणि त्या बदलात कार्बनच्या तुलनेत मॅंगनीज वाढवणं ही एक मुख्य गोष्ट होती. हे वाचलं तेव्हा वडील नव्हते. असते तर त्यांना सांगितलं असतं, बाबा, ते मीठ नव्हतं.

चंद्रपूरला सेल या सरकारी पोलाद कंपनीचा फेरो अलॉय कारखाना आहे, तिथं मॅंगनीजपासून फेरोमॅंगनीज, म्हणजे पोलादात टाकायचं लोखंड-मॅंगनीजचं मिश्रण बनतं. आमच्याच रेल्वेलाइनवर पुढं भिलाई. 'विक्रांत' या विमानवाहू जहाजासाठी सेलनं भिलाई, बोकारो आणि राउरकेल्याच्या कारखान्यांतून साधारण ३०,००० टन खास पोलाद दिलं. आमच्या खाणीतला कोणता दगड कोणत्या प्लेटीत गेला हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही, आणि मी त्यावरून गावात मिरवतही नाही. (एकदा मिरवलो होतो, तान्ह्या पोळ्याच्या भाषणात. टाळ्या पडल्या.) पण तुमसर रोडच्या फलाटावर उभं राहून मालगाडी जाताना पाहिली की गोदी मुंबईत किंवा कोचीत आहे हे मला पूर्ण खरं वाटत नाही. तिचं एक टोक इथं आहे.

हे पोलादही आपोआप मिळालं नाही. विक्रांतची पहिली प्लेट कापली २००५ मध्ये. असलं पोलाद तेव्हा बाहेरून यायचं, आणि बाहेरच्यानं हात आखडला. मग हैदराबादच्या संरक्षण धातू प्रयोगशाळेनं आणि सेलनं मिळून इथंच डीएमआर २४९ ए नावाचं पोलाद तयार केलं. कणा ठेवला २००९ ला, पाण्यात उतरवलं २०१३ ला, नौदलात दाखल २ सप्टेंबर २०२२ ला. सतरा वर्षं. आम्हा भंडाऱ्याच्या लोकांना यात धक्का बसण्यासारखं काही नाही. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ चं, तेव्हा खर्च धरला होता ३७२ कोटी. पुढचं सांगत नाही. फरक एवढाच की विक्रांतच्या उशिरात पोलाद शिकून झालं. त्यानंतरच्या युद्धनौकांना ते तयार मिळालं.

इंजिनाचं तसं नाही. विक्रांतची चार गॅस टर्बाइन्स अमेरिकन रचनेची. विशाखापट्टणम वर्गाच्या चार विनाशिकांची टर्बाइन्स युक्रेनमधल्या मिकोलाइव शहरातल्या कारखान्याची. त्या शहरावर २०२२ मध्ये बॉम्ब पडत होते. नौदलाचे लोक जहाजाचे तीन भाग पाडतात: तरंगणं, चालणं, लढणं. तरंगण्यात आपण जवळजवळ स्वयंपूर्ण झालो, चालण्यात अर्धेमुर्धे, लढण्यात त्याहून कमी. टीव्हीवर मात्र स्वदेशीची एकच टक्केवारी सांगतात, ७५ किंवा ७६, आणि ऐकणाऱ्याला वाटतं उरलेले २५ टक्के म्हणजे खुर्च्या-पडदे असतील.

पण धाकट्याला इंजिनाची काळजी नाही. त्याची काळजी वेगळी आहे, आणि मला ती जास्त खरी वाटते.

तो ठेकेदाराकडे आहे. कोणत्या, ते लिहीत नाही. एक जहाज पाण्यात उतरलं आणि दुसऱ्याच्या प्लेटी अजून कापायच्या असल्या की ठेकेदार म्हणतो, घरी जा, फोन करतो. एकदा हा फोन सात महिने आला नाही, मागच्या तीन महिन्यांची मजुरीही आली नाही. त्या सात महिन्यांत धाकटा आमच्या बांधीत धानाच्या रोवणीला होता. त्याच्या जोडीचे दोघं बहारीनला गेले, तेलाच्या टाक्यांवर. ते परत आले नाहीत. कशाला येतील?

असंच मोठ्या प्रमाणावर एकदा झालं आहे. १९८१ मध्ये भारतानं पश्चिम जर्मनीच्या कंपनीशी पाणबुड्यांचा करार केला. दोन कील शहरात बनल्या, दोन मुंबईच्या माझगाव गोदीत: 'शल्की' १९९२ ला दाखल झाली, 'शंकुल' १९९४ ला. पाणबुडीचं वेल्डिंग म्हणजे सगळ्यात वरची इयत्ता. गोल सांगाडा एका बाजूला जरासा चपटा राहिला तर खोल पाण्यात तो तिथंच दाबला जाणार. आपले लोक ते शिकले. आणि मग करारातल्या दलालीच्या आरोपांचा धुरळा उडाला, पुढची मागणी आलीच नाही. दलाली कोणी खाल्ली ते कोर्टकचेऱ्यांनी बघावं. शिक्षा झाली ती त्या शेडला. पुढच्या सहा पाणबुड्यांचा करार फ्रेंचांशी झाला २००५ मध्ये, आणि त्यातली पहिली 'कलवरी' दाखल झाली डिसेंबर २०१७ ला. शंकुल ते कलवरी, तेवीस वर्षं. शंकुलवर तिशीत काम केलेला वेल्डर कलवरीच्या वेळी त्रेपन्न वर्षांचा. डोळ्याला चष्मा, हाताला कंप, किंवा पेन्शनीत. सारं पुन्हा पहिलीपासून शिकावं लागलं, आणि शिकवणी पुन्हा परदेशातच लावावी लागली. सहावी 'वागशीर' १५ जानेवारी २०२५ ला दाखल झाली, तेव्हा तिच्या मागे रांगेत सातवी उभी नव्हती.

त्याच दिवशी त्याच मुंबईत 'निलगिरी' दाखल झाली, हे मला फार बोलकं वाटतं. या नावाची पहिली फ्रिगेट (विनाशिकेहून लहान युद्धनौका) माझगावनं ब्रिटिश नकाशांवरून बनवली, १९७२ साली. तेव्हापासून या जातीच्या जहाजांची ओळ कधी मंद झाली, पण पाणबुड्यांसारखी तुटली नाही. एकावर एक हात बसत गेला. २०२५ ची निलगिरी आपल्याच नौदलाच्या संकल्पन विभागानं आखलेली, आणि तिची बहीण 'उदयगिरी' ही त्या विभागाची शंभरावी युद्धनौका. गोदी तीच, देश तोच, भ्रष्टाचारही तोच म्हणा. एका शेडमध्ये काम चालू राहिलं, दुसऱ्यात थांबलं.

चीन, कोरिया, जपानकडे नुसत्या युद्धनौका नाहीत; मालवाहू जहाजांचा रतीब आहे. जगातली निम्मी जहाजं एकटा चीन बनवतो, आपण एक टक्काही नाही. त्यामुळे तिथला वेल्डर नौदलाची मागणी नसली तर कंटेनरच्या जहाजावर हात चालवतो. आपला रोवणीला येतो. २०२५ च्या सप्टेंबरात केंद्रानं जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटींची योजना मंजूर केली. चांगलंच आहे. त्यातला काही पैसा दोन जहाजांच्या मधल्या सात महिन्यांवर खर्च झाला तर मी त्या योजनेला नाव ठेवणार नाही.

डोंगा बुडाला कसा, ते सांगायचं राहिलं. दोन कारणं होती. धाकट्यानं पत्रा सगळीकडे सारख्या जाडीचा लावला. आबाजी उभे राहून लांबवरचे वेल ओढायला वाकले, आणि डोंगा कूस बदलावी तसा उलटला. मोहाच्या डोंग्याचं बुड चार बोटं जाड असायचं आणि कड दीड बोट. त्यांच्या भावानं ते असंच का ठेवलं हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं. वजन खाली, म्हणून तो झुलायचा पण पलटायचा नाही. दुसरं कारण धाकट्याला स्वतःलाच कळलं, आणि तो शरमला. रॉड पावसाळाभर दमट खोलीत पडलेले. गोदीत रॉड आधी भट्टीत ३०० अंशांच्या वर भाजतात, मग वेल्डरला गरम डब्यात देतात. बाहेर राहिलेला रॉड परत घेतात. दमट रॉडनं जोडात वाफेची बारीक भोकं राहतात, नाही तर दुसऱ्या दिवशी, सगळे घरी गेल्यावर, आतल्या आत तडा जातो. "तिथं डबा आपोआप हातात येते," तो म्हणाला. "डबा कोन भरते, कधी पाह्यलंच नाई."

दुसरा डोंगा मग नीट ठरवून झाला. आबाजींनी काठीनं मातीत आकार काढला, बुडाची रुंदी वितीनं मोजून दिली. बुडाला तुमसरच्या कबाड्याकडची पाच मिलिमीटरची जुनी प्लेट, कडेला दोनची. रॉड आमच्या घरच्या चुलीच्या वैलावर रात्रभर ठेवले. बायकोनं सकाळी त्यावर चहा ठेवायला नकार दिला. आबाजींच्या शेजारचा एक पोरगा आयटीआय करतो, तो टाचे मारायला आला आणि तिथंच राहिला.

बुड झालं, एक कड झाली, आणि ठेकेदाराचा फोन आला. नवं काम निघालं, सोमवारी हजर व्हा. धाकट्यानं खडूनं दुसऱ्या कडेवर खुणा केल्या, कुठून सुरू करायचं, कुठं थांबायचं, किती वेळ गार होऊ द्यायचं, आणि रात्रीच्या गाडीनं गेला. दुसरी कड पोरानं चार दिवस घेऊन मारली.

तपासणीची पद्धत धाकट्यानं फोनवर सांगितली: जोडाला बाहेरून चुना लावायचा, आतून घासलेट. भोक असेल तर पांढऱ्या चुन्यावर ओला डाग उठतो. चुना आबाजींनी आपल्या तंबाखूच्या डबीतलाच काढला, पुरेना तेव्हा पानठेल्यावरून आणवला. घासलेट आता रेशनवर मिळत नाही, ते एकाच्या माळ्यावर जुन्या बाटलीत सापडलं. रात्री आम्ही तिघं चिंचेखाली बसलो. तासाभरानं आबाजींनी टॉर्च मारला. पोराच्या कडेवरून हळूहळू, मग बुडावरून, मग दुसऱ्या कडेवरून.

एका जागी डाग होता, करंगळीच्या नखाएवढा. कड धाकट्याची होती.

मी फोन लावला. पलीकडे पाळी सुटल्याचा गोंगाट. ऐकून तो क्षणभर काही बोलला नाही, मग म्हणाला, "त्याले म्हना, तेवढं घासून काढ आन् पुन्हा मार." मी मागं वळून पोराला सांगणार तोच चिंचेखाली ग्राइंडर सुरू झाला.